पुण्यातला अश्वारूढ शिवपुतळा : कोल्हापूरच्या पुढाकाराची गोष्ट

पुण्यात शिवाजीनगरला श्री शिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूलच्या आवारात शिवछत्रपतींचा अश्वारूढ पुतळा आहे. १६ जून १९२८ रोजी त्याचं अनावरण झालं. शनिवारवाडा आणि लाल महाल पाहून परतणारी मंडळी सहसा इकडे फिरकत नाहीत, आणि याची खंत वाटते. महाराष्ट्रात आज गावोगावी दिसणाऱ्या अश्वारूढ शिवपुतळ्यांचा मूळपुरुष हाच. शिवाय तो कोणी, कधी आणि कोणाच्या हातून उभा केला, या प्रश्नाच्या मागे लागलं की विसाव्या शतकाच्या पहिल्या तीस वर्षांतलं महाराष्ट्राचं राजकारण उलगडत जातं.

शिवाजी महाराजांचं नाव सार्वजनिक जीवनात कसं घ्यायचं, यावर तेव्हा एकमत नव्हतं. महात्मा फुल्यांनी १८६९ साली महाराजांवर पोवाडा रचला आणि त्यांना 'कुळवाडीभूषण' म्हटलं. शेतकऱ्यांचा राजा ही त्यांची मांडणी होती. १८९० च्या दशकात लोकमान्य टिळकांनी रायगडावरच्या समाधीच्या जीर्णोद्धाराचा प्रश्न हाती घेतला आणि शिवजयंतीचा उत्सव सुरू केला. त्याला परकीय सत्तेविरुद्धची धार होती. १८९७ च्या उत्सवानंतर 'केसरी'त आलेल्या मजकुरावरून टिळकांवर राजद्रोहाचा खटला झाला आणि त्यांना दीड वर्षाची सक्तमजुरी झाली. शिवाजी महाराजांचं नाव घेणाऱ्याकडे सरकार संशयाने पाहत होतं, तो हा काळ.

चोवीस वर्षांनी त्याच सरकारचा युवराज महाराजांच्या स्मारकाची कोनशिला बसवायला पुण्यात आला. हे घडवून आणलं कोल्हापूरच्या राजर्षी शाहू महाराजांनी. श्री शिवाजी स्मारकासाठीची अखिल भारतीय संस्था १९१७ साली स्थापन झाली. तिच्यामागे शाहू महाराज होते आणि ग्वाल्हेरचे माधवराव शिंदेही. वेदोक्त प्रकरणात, म्हणजे पुरोहितांनी वैदिक मंत्रांनी धर्मकृत्यं करायला नकार दिला तेव्हा, छत्रपतींच्या गादीचा अपमान सोसलेल्या शाहूंनी स्मारकासाठी स्वतःच्या राजधानीऐवजी पुणे निवडलं, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. महाराजांचं बालपण इथलं, शाहिस्तेखानावरचा छापा इथला, ही कारणं होतीच. पण पुणे हे पेशवाईचं आणि पुढे टिळकांच्या राजकारणाचं शहर. तिथेच महाराजांचं स्मारक उभं करणं म्हणजे शिवाजी महाराज कोणा एका गटाचे नाहीत असं ठणकावून सांगणं होतं. मी तरी त्या निवडीचा अर्थ असाच लावतो.

इंग्रजांचं मन वळायला महायुद्ध कारण ठरलं. मेसोपोटेमियात मराठा पलटणी लढल्या होत्या, माणसं गमावली होती, आणि सैन्यभरतीसाठी सरकारला मराठा समाजाची गरज होती. म्हणूनच प्रिन्स ऑफ वेल्सच्या हस्ते पुण्यात शिवस्मारकाबरोबर मराठा युद्धस्मारकाचीही कोनशिला बसवण्यात आली. तारीख होती १९ नोव्हेंबर १९२१. असहकाराची चळवळ तेव्हा ऐन भरात होती आणि काँग्रेसने या दौऱ्यावर बहिष्कार पुकारला होता. दोनच दिवसांपूर्वी, १७ तारखेला, युवराज मुंबईत उतरला त्या दिवशी परदेशी कापडाच्या होळ्या पेटल्या आणि शहरात दंगल उसळली. अशा वातावरणात पुण्याचा समारंभ पार पडला. शाहू महाराजांवर 'इंग्रजधार्जिणे' अशी टीका आधीपासून होत होती. ती टीका करणाऱ्यांनी, साम्राज्याच्या वारसदाराला शिवरायांच्या नावापुढे उभं करण्यात काय साधलं गेलं, याचा विचार केला असं दिसत नाही.

शाहू महाराज मात्र पुतळा पाहायला राहिले नाहीत. ६ मे १९२२ रोजी मुंबईत त्यांचं निधन झालं. १९२५ साली माधवराव शिंदेही गेले. काम पुढे नेलं ते शाहूंचे चिरंजीव राजाराम महाराज यांनी.

याच काळात पुण्यात दुसराही एक पुतळ्याचा वाद पेटला होता. १९२४ साली मंडईत टिळकांचा पुतळा उभा राहिला. मग १९२५ मध्ये ब्राह्मणेतर चळवळीचे नेते केशवराव जेधे यांनी नगरपालिकेत महात्मा फुल्यांच्या पुतळ्याची मागणी लावून धरली. ती बहुमताने फेटाळली गेली. शिवपुतळा याच वातावरणात घडत होता.

शिल्पकार होते विनायक पांडुरंग करमरकर. अलिबागजवळच्या सासवण्याचे, जन्म १८९१ चा, घरात गणपतीच्या मूर्ती करण्याची परंपरा. गावच्या देवळाच्या भिंतीवर या मुलाने घोड्यावर बसलेल्या शिवाजी महाराजांचं चित्र काढलं होतं. ते कलेक्टर ऑटो रॉथफील्ड यांच्या नजरेस पडलं आणि त्यांनी मुलाला मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये धाडण्याची व्यवस्था केली. पुढे कोलकात्यात सुरेंद्रनाथ ठाकुरांचा आश्रय, मग लंडनच्या रॉयल अकॅडमीत शिक्षण. घोड्यासाठी करमरकरांनी कोल्हापूर दरबारचा शहानवाज हा घोडा समोर ठेवला.

पुतळा साडेतेरा फूट उंच, वजन सुमारे आठ टन. एवढं मोठं काम साधारणपणे तुकड्यातुकड्यांनी ओततात आणि मग जोडतात. करमरकरांनी तो मुंबईत माझगाव डॉकमध्ये अखंड ओतायचं ठरवलं. यातली जोखीम ओतकाम जवळून पाहिलेल्यालाच नीट कळेल. वितळलेलं ब्राँझ एकदा साच्यात सोडलं की मधे थांबता येत नाही. रस घोड्याच्या पायांपासून स्वारापर्यंत सगळीकडे पोहोचण्याआधी कुठे थंड झाला तर तिथे सांधा राहतो. आतली हवा आणि वाफ बाहेर पडायला वाट मिळाली नाही तर पोकळी राहते, साचा फुटूही शकतो. असं काही झालं असतं तर महिन्यांची मेहनत एका रात्रीत वाया गेली असती. तसं झालं नाही. पुतळा एकसंध निघाला आणि रेल्वेने, घाटातल्या बोगद्यांतून, पुण्याला आला.

अनावरण केलं मुंबईचे गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांनी. पुढे भांबुर्डा हे गाव शिवाजीनगर झालं आणि १९३२ मध्ये तिथे ही मिलिटरी स्कूलची शाळा सुरू झाली.

विल्सन यांचं नाव शिवपुतळ्याच्या इतिहासात आणखी एकदा येतं, तेही कोल्हापुरात. तिथल्या मुख्य चौकात त्यांचाच पुतळा बसवला होता. १९४२ च्या आंदोलनात भागीरथीबाई तांबट आणि जयाबाई हविरे या दोघींनी त्यावर डांबर ओतलं आणि पुढच्या वर्षी क्रांतिकारकांनी तो फोडला. भालजी पेंढारकरांनी पुढाकार घेतला, बाबूराव पेंटरांनी शिवरायांचा पुतळा घडवला, आणि १९४५ साली विल्सनच्या जागी तो उभा राहिला. तो चौक आज शिवाजी चौक म्हणून ओळखला जातो.