सिंधमधले ‘बिनदातांचे’ पुरुष आणि न येणारा घाम

पाळीव प्राणी आणि वनस्पतींवरच्या डार्विनच्या ग्रंथाची दुसरी आवृत्ती १८७५ साली निघाली. तीत सिंधमधल्या एका हिंदू कुटुंबाची हकिकत आहे. सिंध तेव्हा मुंबई इलाख्यात होता. डब्ल्यू. वेडरबर्न नावाच्या गृहस्थांनी ती डार्विनला कळवली होती. चार पिढ्यांतल्या दहा पुरुषांना दोन्ही जबड्यांत मिळून पुढचे चार बारके, कमकुवत दात आणि मागच्या आठ दाढा, एवढेच दात. अंगावर केस जेमतेम, डोक्याला टक्कलही लवकर. उन्हाळ्यात कातडी कोरडीठाक पडून फार हाल व्हायचे. घरातल्या मुलींना यातले काही नाही, पण त्यांच्या मुलग्यांत ते उतरे. बापाकडून मुलाला आल्याचे मात्र एकही उदाहरण नव्हते.

बारावीचा विद्यार्थीसुद्धा आज हे वाचून म्हणेल, दोष एक्स गुणसूत्रावर आहे: मुलग्याला एकच एक्स असते आणि ते आईकडून येते, बापाकडून नाही. डार्विनपाशी ना मेंडेलचे आनुवंशिकतेचे नियम होते, ना गुणसूत्रांची कल्पना. बिनकेसांच्या कुत्र्यांचे दातही अपुरे असतात हे त्याला ठाऊक होते, म्हणून केस आणि दात यांच्या परस्परसंबंधाचा दाखला म्हणून त्याने हे कुटुंब नोंदवले. असे रुग्ण पाहणारा तो पहिला नव्हे. १८४८ साली लंडनमध्ये थर्नम यांनी दोन रुग्णांचे वर्णन केले होते. पण आनुवंशिकतेची वाट इतकी स्वच्छ दिसली ती सिंधच्या कुटुंबात. पुढे १९२१ साली थडानी यांनी सिंधमधल्या अशा पुरुषांवर ‘बिनदातांची माणसे’ म्हणून पुन्हा लिहिले.

आज या आजाराला हायपोहायड्रॉटिक एक्टोडर्मल डिसप्लेशिया म्हणतात. गर्भाच्या बाह्यस्तरातून (एक्टोडर्म) केस, दात आणि घर्मग्रंथी, म्हणजे घाम तयार करणाऱ्या ग्रंथी, घडतात. त्यांचे अंकुर फुटण्यासाठी पेशींना ईडीए नावाच्या प्रथिनाकडून इशारा मिळावा लागतो. त्याचे जनुक १९९६ साली सापडले. ते बिघडले की इशारा पोचत नाही, म्हणूनच एकमेकांशी संबंध नसल्यासारखी वाटणारी ही लक्षणे एकत्र येतात. आजाराचे इतर प्रकारही आहेत, काहींत दोष एक्स गुणसूत्रावर नसतो.

मुलींना काहीच होत नाही, हे मात्र तितकेसे खरे नाही. स्त्रीच्या प्रत्येक पेशीत दोनपैकी एकच एक्स गुणसूत्र कामात असते, हे ब्रिटिश आनुवंशशास्त्रज्ञ मेरी लायन यांनी १९६१ साली मांडले. म्हणून एका एक्सवर दोष असलेल्या, म्हणजे वाहक, स्त्रीच्या काही पेशींत चांगले जनुक चालते, काहींत बिघडलेले. तिच्या पाठीला आयोडीन लावून वर स्टार्च भुरभुरला, तर घाम येतो तेवढाच भाग काळानिळा होतो आणि मधले कोरडे पट्टे उघडे पडतात. एखाददुसरा दात न आलेला, केस विरळ, अशा खुणाही अनेकींत असतात. सिंधमध्ये त्या कुणी शोधल्याच नसाव्यात.

मला विचाराल तर ‘बिनदातांची माणसे’ या ओळखीने लक्ष भलतीकडेच नेले. दात नजरेत भरतात, जीव धोक्यात येतो तो घामावाचून. तान्ह्या बाळाला दात नसणे आणि डोक्यावर जावळ कमी असणे कुणालाच खटकत नाही. उकाड्यात अंग तापते, संसर्ग सापडत नाही, तापाच्या औषधाने उतार पडत नाही, आणि तरी निदान लांबतेच. अशा बाळाला सुती ओले कपडे, पंखा आणि सावली हेच औषध. दातांसाठी शाळेच्या वयाआधीच कवळी बसवता येते, जबडा वाढेल तशी ती बदलावी लागते.

उपचाराची खरी बातमी २०१८ साली जर्मनीतल्या एर्लांगेनहून आली. तिथल्या डॉक्टरांनी ईडीए प्रथिनाची कृत्रिम आवृत्ती गर्भजलात टोचली होती, आधी जुळ्या मुलग्यांसाठी आणि मग आणखी एका गर्भासाठी. तिन्ही मुलांना घाम येऊ लागला. हेच प्रथिन जन्मानंतर देऊन पाहिले होते, पण उपयोग झाला नव्हता. घर्मग्रंथी घडायची वेळ तोवर निघून गेलेली असते. म्हणजे आजार जन्माआधी कळायला हवा, आणि तो कळतो बहुधा त्याच घरात जिथे मामाला किंवा थोरल्या भावाला तो आधीच झालेला असतो.