शाळेत रक्त सांडतं तेव्हा

मे महिना तोंडावर आला की गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या एखाद्या मराठी प्राथमिक शाळेत कुणा मुलाचा घोळणा फुटतोच. बाई धावतात, रुमालाने नाक दाबतात, टाळूवर पाणी थापतात. मागून शिपाई येतो आणि फरशीवरचे थेंब फडक्याने पुसतो. दोघांचेही हात उघडे. सकाळी भाजी चिरताना बाईंच्या बोटाला झालेली चीर अजून ओली असेल, हे त्या घाईत कुणाच्या मनात येत नाही. रक्तातून पसरणारा आणि यकृताला बाधा करणारा हिपॅटायटिस बीचा विषाणू तर वाळलेल्या रक्तातही किमान ७ दिवस टिकतो.

गोव्यात रक्तातून होणाऱ्या लागणीच्या विषयाची सुरुवात काळजीने नाही, भीतीने झाली. १९८९ साली रक्तदानातून डॉमिनिक डिसोझा एचआयव्हीबाधित असल्याचं कळलं आणि सार्वजनिक आरोग्य कायद्याचा आधार घेऊन त्यांना म्हापशात ६४ दिवस एकट्याला डांबून ठेवलं गेलं. पुढे प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. २०१४ मध्ये दक्षिण गोव्यातल्या रिवणला पालकांच्या विरोधामुळे एचआयव्हीबाधित मुलांना शाळा सोडावी लागली. माणूस दूर केला की धोका टळला, हीच समजूत पंचवीस वर्षांनीही कायम होती. पण बाधा झालेल्या अनेकांना ती झाल्याचं स्वतःलाच ठाऊक नसतं. मग दूर कुणाला करणार?

अमेरिकेत १९८७ साली रुग्णालयांसाठी वेगळा नियम मांडला गेला: रक्त कुणाचंही असो, ते बाधित आहे असंच धरून हाताळायचं. १९९१ मध्ये तिथल्या कामगार सुरक्षा खात्याने त्याला कायद्याचं बळ दिलं. ज्यांच्या कामात रक्ताशी संबंध येणं अपेक्षित आहे, त्यांना हातमोजे आणि हिपॅटायटिस बीची लस मालकाने फुकट द्यायची. शाळेतल्या परिचारिकाही त्यात आल्या. मुलाचं नाव, आजार काहीही विचारायची गरज उरली नाही. मला हा भाग सगळ्यात मोलाचा वाटतो, कारण बाई आणि मूल दोघंही त्यात सुरक्षित राहतात.

आपल्याकडे २०१६च्या जैववैद्यकीय कचरा (रक्ताळलेला कापूस, पट्ट्या वगैरे) नियमांत शाळांच्या प्रथमोपचार खोल्यांचा स्पष्ट उल्लेख आहे. २०१७च्या एचआयव्ही कायद्याने, जिथे कामावर लागण होण्याचा मोठा धोका आहे तिथे साधनं आणि प्रशिक्षण देण्याची जबाबदारी आस्थापनेवर टाकली. दवाखाने ती आपली मानतात. शाळेच्या कपाटात मात्र आयोडिन आणि कापूस असतो, हातमोज्यांचं खोकं क्वचितच.

लशीचं गणित तर उलटंच झालं आहे. बालकांच्या लसीकरणात हिपॅटायटिस बी देशभर आली ती २०११च्या सुमारास. म्हणजे आज वर्गात बसलेल्या बहुतेक मुलांनी ती घेतलेली असते आणि त्यांच्या जखमा पुसणाऱ्या चाळिशीतल्या बाईंनी बहुधा नाही. मोठ्यांसाठी सहा महिन्यांत तीन डोस पुरतात. आणि रक्त उघड्या जखमेला लागलंच, तर साबण-पाण्याने धुऊन लगेच दवाखाना गाठायचा. एचआयव्ही रोखणारी औषधं ७२ तासांच्या आतच सुरू करावी लागतात.