पुलावरची गर्दी आणि ट्रान्झिस्टरचे आढेवेढे

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर, इलेक्ट्रॉनिक सुट्या भागांच्या बाजारात, २एन२२२२ ट्रान्झिस्टर कटिंगच्या पैशांत मिळतो. हा एक स्विचच: बेस या पायाला थोडा प्रवाह दिला, की कलेक्टर या पायातून मोठा प्रवाह वाहतो आणि कलेक्टरचं व्होल्टेज तळाला येतं. परवा असाच एक ब्रेडबोर्डवर, म्हणजे सोल्डरिंगशिवाय सर्किट जोडायच्या पाटीवर लावला. ५ व्होल्टचा सप्लाय, कलेक्टरला १ किलोओहमचा रेझिस्टर, बेसलाही तेवढाच. बेसला शून्य ते ५ व्होल्टची चौकोनी, म्हणजे झटक्यात चालू-बंद होणारी लहर दिली. शंभर किलोहर्ट्झपर्यंत सगळं आलबेल. मेगाहर्ट्झकडे सरकलो तसं ऑसिलोस्कोपवर (व्होल्टेजचा आलेख दाखवणाऱ्या यंत्रावर) दिसू लागलं, की गडी चालू झटकन होतो, पण बंद व्हायला आढेवेढे घेतो. बेसचा सिग्नल शून्यावर आला तरी कलेक्टर आपला तळाशीच. काही वेळ ढिम्म, आणि मग एकदम वर.

या ढिम्म राहण्याला स्टोरेज टाइम म्हणतात. २एन२२२२ए च्या डेटाशीटमध्ये तो जास्तीत जास्त २२५ नॅनोसेकंद दिलाय. चालू होण्याचे दोन्ही टप्पे मिळून मात्र फक्त ३५. आणि तो २२५ सुद्धा बेसमधून उलटा प्रवाह खेचून काढला तर!

संध्याकाळी ग्रँट रोड स्टेशनच्या पुलावर उभं राहून बघा. गाडी येते, पूल भरतो. जिन्यावरून एका वेळी ठरावीकच माणसं उतरू शकतात, त्यामुळे मागून कितीही रेटा आला तरी रस्त्यावर पडणारा लोंढा तेवढाच. गाडी निघून गेली, पुलावर नवं कुणी चढत नाही, तरी खाली लोंढा तसाच सुरू. पूल बराचसा रिकामा झाला, की मग कुठे तो विरळ होतो.

माझ्या सर्किटमधला जिना म्हणजे कलेक्टरचा रेझिस्टर. ५ व्होल्टला त्यातून ५ मिलिअँपिअरच्या वर काही जात नाही. ट्रान्झिस्टर प्रवाह शंभरपट वाढवतो असं धरलं, तर बेसला ०.०५ मिलिअँपिअर पुरे. मी देत होतो ४.३ (५ पैकी ०.७ व्होल्ट बेसच खातो), म्हणजे गरजेच्या पंचाऐंशी पटींहून जास्त! हा जादा विद्युतभार बेसमध्ये आणि कलेक्टरच्या कडेला साठून राहतो. ट्रान्झिस्टर संपृक्त होतो तो असा. स्विच नक्की लागावा म्हणून बेसला सढळ हाताने द्यायचं, असं आपण शिकलेले असतो; त्याची ही किंमत.

बेसच्या रेझिस्टरला समांतर छोटा कपॅसिटर लावला तर साठा लवकर उपसला जातो. सिलिकॉनमध्ये सोनं मिसळून तो आतल्या आत लवकर जिरवण्याची युक्तीही होती. पण मला सगळ्यात आवडतो तो गर्दी होऊच न देण्याचा मार्ग. एमआयटीच्या लिंकन लॅबोरेटरीतल्या रिचर्ड बेकर यांनी १९५६ साली तो मांडला: कलेक्टर फार खाली येऊ लागला, की डायोडने (एकाच दिशेने प्रवाह जाऊ देणाऱ्या भागाने) बेसचा जादा प्रवाह परस्पर कलेक्टरकडे वळवायचा. साधा सिलिकॉन डायोड त्यासाठी ०.७ व्होल्ट मागतो, म्हणून बेसच्या वाटेत आणखी एक डायोड घालावा लागतो. धातू आणि सिलिकॉनच्या सांध्यातून बनणाऱ्या शॉटकी डायोडचं ०.३-०.४ व्होल्टवर भागतं, एकटा पुरतो. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या जेम्स बिअर्ड यांनी १९६४ मध्ये तो ट्रान्झिस्टरच्याच अंगात बसवण्याच्या कल्पनेचं पेटंट मागितलं. पुढे ७४०० या लॉजिक चिपच्या गेटचा सुमारे १० नॅनोसेकंदांचा उशीर शॉटकीच्या ७४एस मालिकेत ३ वर आला. डिप्लोमाच्या प्रॅक्टिकलला हाताळलेल्या ७४एलएस०० मधला 'एस' तोच. तिथे वेग जुनाच ठेवून विजेचा खर्च पाचव्या हिश्श्यावर आणला.

मीही ब्रेडबोर्डवर बेस ते कलेक्टर शॉटकी लावला. आधी घरात पडलेला १एन५८१९, आणि फसलो. तो पॉवर सप्लायचा आडदांड डायोड, त्याची स्वतःचीच कपॅसिटन्स (विद्युतभार साठवण्याची क्षमता) शंभर पिकोफॅरडच्या घरात. लहरीची चढण उलट लोळायला लागली. मग पुन्हा लॅमिंग्टन रोड, आणि काचेच्या कवचातला चिमुकला बॅट८५. या वेळी ढिम्मपणा जवळजवळ गेला. तळाची रेषा तेवढी ०.१ वरून ०.३ व्होल्टच्या पुढे सरकली.