एजंटला स्वतःचं खातं द्या: काम सुरू करण्याआधी वाचायचं पत्रक

लिनक्स, फ्रीबीएसडी किंवा ओपनबीएसडीवर एआय एजंट (मॉडेलच्या सांगण्यावरून यंत्रावर स्वतः आज्ञा चालवणारा प्रोग्रॅम) थेट, म्हणजे कंटेनरच्या बंदिस्त आवरणाशिवाय चालवायचा ठरवून जे ग्राहक आमच्याकडे येतात, त्यांचा पहिला प्रश्न बहुतेक वेळा एकच असतो: "माझ्याच लॉगिनमध्ये चालू द्या ना, वेगळं खातं कशाला?" फोनवर हे नीट सांगता येत नाही, म्हणून इथे लिहीत आहोत.

तुमच्या एसएसएचच्या (दूरच्या यंत्रात शिरायच्या) खासगी किल्लीची परवानगी 600 आहे, घराच्या डिरेक्टरीची 700 आहे, म्हणजे दोन्ही फक्त मालकालाच उघडतात, म्हणून ती सुरक्षित आहे असं तुम्ही धरता. इतर खात्यांपासून ती खरंच सुरक्षित आहे. पण कर्नल, म्हणजे सिस्टमचा गाभा, माणूस ओळखत नाही, यूआयडी म्हणजे खात्याचा क्रमांक ओळखतो. तुमच्या यूआयडीने चालणारा एजंट फाइल उघडायला गेला, की कर्नलच्या दृष्टीने ती तुम्हीच उघडलेली असते. किल्ल्या, ब्राउझरच्या कुकीज, डॉट-एन्व्ही फाइलमधले पासवर्ड, सगळं त्याला मोकळं. एजंटने वाचलेल्या एखाद्या वेबपानात किंवा ईमेलमध्ये कोणी सूचना दडवली असेल, तर ती तो पाळणार नाही याची खात्री आज कोणतंही मॉडेल देत नाही. "अमुक फोल्डरला हात लावू नकोस" असं प्रॉम्प्टमध्ये लिहिणं ही विनंती झाली. कुंपण कर्नलच घालू शकतो.

आता ज्या चुकीत सगळ्यात जास्त वेळ जातो तिच्याबद्दल. एजंट कुठेतरी "परमिशन डिनाइड" म्हणून अडतो आणि घाईत एकदाच तो सुडो लावून, म्हणजे रूट या सर्वाधिकारी खात्याच्या हक्काने, चालवला जातो. काम होतं. पण त्या वेळी बनलेल्या फाइली रूटच्या मालकीच्या झालेल्या असतात, कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिटच्या ऑब्जेक्ट्स डिरेक्टरीतल्यासुद्धा. दुसऱ्या दिवशी साधं गिट अ‍ॅड अडतं. मग कोणीतरी सगळ्यावर सीएचमॉड 777 मारतं, म्हणजे सगळ्यांना सगळं मोकळं करतं, आणि त्यानंतर कोणती परवानगी मुळात काय होती हे सांगणारं काहीच उरत नाही. अशी यंत्रं आमच्याकडे येतात तेव्हा मालकी परत लावणं हे त्यातलं सोपं काम असतं. अवघड प्रश्न असा, की एजंटने रूट असताना काय काय वाचलं? लिनक्सवर 2009 पासून रिलएटाइम हीच डीफॉल्ट पद्धत असल्यामुळे फाइल शेवटची कधी वाचली याची नोंद दर वाचनाला बदलत नाही, आणि कोणी वाचली हे तर त्यात नसतंच. त्यामुळे अशा वेळी आम्ही सगळ्या किल्ल्या आणि टोकन बदलायला लावतो. ग्राहकांना हा अतिरेक वाटतो. आमच्याकडे दुसरा प्रामाणिक उपाय नाही.

वेगळं खातं केलं की बाकीच्या मर्यादा त्याच यूआयडीला टांगता येतात. सिस्टमडी (लिनक्सवर सेवा सुरू करणारी आणि सांभाळणारी व्यवस्था) असेल तर आम्ही एजंटची सर्व्हिस युनिट, म्हणजे त्याच्या नियमांची फाइल, लिहितो: प्रोटेक्ट-होम लावून लोकांची घरं दिसेनाशी करायची, प्रोटेक्ट-सिस्टम स्ट्रिक्ट ठेवायचं, लिहायला ठरलेली डिरेक्टरी तेवढी उघडायची, आणि नो-न्यू-प्रिव्हिलेजेसमुळे सुडोचा मार्गच बंद. एजंटचं घर म्हणूनच आम्ही होमऐवजी व्हार-लिबखाली ठेवतो. बाहेर जाणारं नेटवर्कही खात्यानुसार अडवता येतं. लिनक्सच्या एनएफटेबल्स आणि बीएसडीच्या पीएफ या दोन्ही फायरवॉलांत ती सोय आहे. मॉडेल पुरवणाऱ्यांचे आयपी बदलत राहतात, त्यामुळे पत्त्यांची यादी न करता आम्ही एक प्रॉक्सी (मधला मध्यस्थ सर्व्हर) बसवतो आणि एजंटला फक्त तिथपर्यंत जाऊ देतो.

तुम्हाला आणि एजंटला एकाच प्रकल्पात काम करायचं असेल तर सामाईक ग्रुप, डिरेक्टरीला 2770 (नव्या फाइली त्याच ग्रुपच्या होतात) आणि दोघांचा यूमास्क 007 (नव्या फाइली मालकाला आणि ग्रुपला खुल्या, बाकीच्यांना बंद). एवढ्याने भागतं, सुडोची वेळ येत नाही.

"मग डॉकरच (कंटेनर चालवणारं साधन) का नाही?" हेही विचारलं जातं. जरूर वापरा. पण पूर्ण होम डिरेक्टरी आत माउंट केली किंवा एजंटच्या खात्याला डॉकर ग्रुपमध्ये घातलं, तर काहीच साधत नाही. नेहमीच्या मांडणीत तो ग्रुप म्हणजे जवळजवळ रूटच. फ्रीबीएसडीवर 2000 सालापासून जेल, म्हणजे प्रोग्रॅम बंदिस्त ठेवायच्या कोठड्या, आहेत आणि त्या आम्ही आनंदाने उभारून देतो. ओपनबीएसडीवरच्या प्लेज आणि अनव्हेल (प्रोग्रॅमने काय करायचं आणि कोणत्या फाइली पाहायच्या यावर मर्यादा घालणाऱ्या सोयी) उत्तम आहेत, पण त्या प्रोग्रॅमच्या कोडमध्येच लिहाव्या लागतात. एजंट दिवसभरात जी तऱ्हेतऱ्हेची स्क्रिप्टं चालवतो त्यांत त्या नसतात, म्हणून तिथेही सुरुवात वेगळ्या खात्यानेच होते.

बीएसडीवाल्यांसाठी एक जास्तीची सूचना. पायथन आणि नोडची तयार बांधलेली बायनरी पॅकेजं बहुधा लिनक्ससाठी असतात. तुमच्याकडे ती सोर्सपासून बांधावी लागतात, कधी त्यासाठी रस्टचा कंपायलरही लागतो. आधी पोर्ट्समध्ये, म्हणजे बीएसडीच्या स्वतःच्या सॉफ्टवेअर-संग्रहात, पाहा. फ्रीबीएसडीत लिनक्सचे प्रोग्रॅम चालवणारा लिनक्स-सुसंगततेचा थर हाताशी आहे, ओपनबीएसडीने तो 2016 मध्ये 6.0 आवृत्तीत काढून टाकला.

मेमरीबद्दल थोडक्यात: मॉडेल दूरच्या सर्व्हरवर असेल तर एजंट स्वतः हलका असतो. मॉडेल स्वतःच्या यंत्रावर हवं असेल तर 7 अब्ज पॅरामीटरना 16 बिटांत नुसत्या वजनांसाठी सुमारे 14 जीबी लागतात, 4 बिटांत साडेतीन-चार. संदर्भाची, म्हणजे मॉडेलसमोर असलेल्या मजकुराची, जागा वेगळी धरा.

काम देताना आम्हाला तीन गोष्टी लिहून पाठवा: सिस्टमची आवृत्ती, एजंटने कोणत्या डिरेक्टऱ्यांत लिहायचं, आणि त्याने बाहेर कुठे कुठे पोचायला हवं. त्यातली दुसरी, म्हणजे डिरेक्टऱ्यांची यादी करताना बरेच जण अडखळतात. ती आम्ही तुमच्यासोबत बसून करतो, त्याचा वेळ आमच्या कामातच धरलेला असतो. यंत्र ताब्यात देण्याआधी आम्ही तुमच्यासमोर एजंटच्या खात्यात शिरून तुमची खासगी किल्ली वाचायचा प्रयत्न करतो. पडद्यावर "परमिशन डिनाइड" आलं, तरच काम पूर्ण झालं असं धरतो.