पगार, प्राध्यापक आणि तासिका

प्राध्यापकांचे पगार वाढवले की शिक्षण सुधारतं का? याचं थेट उत्तर देणारा एक मोठा प्रयोग शाळांमध्ये झाला. इंडोनेशियाने 2005 च्या कायद्याने प्रमाणपत्र मिळवणाऱ्या शिक्षकांचा मूळ पगार दुप्पट केला. अर्थशास्त्रज्ञांनी 360 शाळा घेतल्या आणि सोडतीने निवडलेल्या काही शाळांतल्या शिक्षकांना ही वाढ आधी मिळवून दिली. त्या शिक्षकांची पैशांची ओढाताण थांबली, जोडधंदे कमी झाले, ते समाधानी होते. मुलांच्या गुणांत मात्र फरक पडला नाही.

मग पगार बिनकामाचा? नाही. मेक्सिकोत 2011 साली एका सरकारी भरतीत काही ठिकाणी महिना 3,750 पेसो, तर काही ठिकाणी 5,000 पेसो जाहीर केले. जास्त पगाराच्या जागांसाठी बुद्धिमापनात सरस उमेदवार आले, आणि लोकसेवेची त्यांची तळमळही कमी नव्हती. माझ्या मते कळीचा मुद्दा इथे आहे. आधीच नोकरीत असलेला माणूस पगारवाढीने फारसा बदलत नाही. नोकरीला कोण येतं, हे बदलतं.

संशोधक तर स्वातंत्र्यासाठी पैशांवर पाणीही सोडतात. जीवशास्त्रातल्या पीएच.डी.धारकांना आलेले नोकरीचे प्रस्ताव अर्थशास्त्रज्ञ स्कॉट स्टर्न यांनी तपासले, तेव्हा शोधनिबंध प्रसिद्ध करायची मुभा देणाऱ्या कंपन्या कमी पगार देऊ करताना दिसल्या.

पण ज्याच्या वाट्याला पगारही नाही आणि स्वातंत्र्यही नाही, त्याचं काय? सातव्या वेतन आयोगानुसार सहायक प्राध्यापकाचा सुरुवातीचा मूळ पगार 57,700 रुपये ठरला. त्याच स्टाफरूममध्ये नेट-सेट या पात्रता परीक्षा उत्तीर्ण झालेले, अनेकदा पीएच.डी.ही असलेले ‘सीएचबी’ प्राध्यापक बसतात, म्हणजे तासिका तत्त्वावरचे. त्यांना मानधन घेतलेल्या तासांचं. रात्री जागून केलेल्या तयारीचं नाही, प्रयोगशाळेबाहेर थांबून विद्यार्थ्याची शंका सोडवण्याचं नाही. मे महिन्यात तास नसतात, म्हणून पैसेही नसतात. नवं वर्ष आलं की पुन्हा मुलाखत. पाच-सात वर्षं चालणारा संशोधनाचा प्रश्न अशा माणसाने हाती घ्यायचा तरी कसा? त्याची हुशारी कमी नसते, त्याला लागणारा निवांतपणा आपण काढून घेतलेला असतो.

आणि पहिल्या बाकावरची एम.एस्सी.ची हुशार मुलगी हे सगळं पाहत असते. पीएच.डी.ला अर्ज करायचा की आयटी कंपनीत जायचं, हे ती त्याच वर्षी ठरवते.