कुंपणाच्या आतलं पाणी : ठाण्यातल्या बोअरची पार्श्वभूमी

घोडबंदर रोडवरच्या आमच्या सोसायटीत गेल्या मे महिन्यात बोअर मारली. आधी तांबूस मुरूम उडाला, मग राखाडी भुकटी. साधारण 70 फुटांवर भुकटी ओली झाली, तिचा चिखल होऊन पाइपातून पाण्याची पिचकारी आली आणि गॅलरीत उभ्या असलेल्यांनी टाळ्या वाजवल्या. तिथून 190 फुटांपर्यंत मात्र पाणी थेंबानेही वाढलं नाही. तरी "अजून शंभर मारा, खाली भरपूर असेल" असा आग्रह चालूच होता. खोल गेलं की पाणी मिळतं, ही समजूत आपल्याकडे आली कुठून?

ती जुनी नाही. वराहमिहिराने सहाव्या शतकात 'बृहत्संहिते'त 'दकार्गल' नावाचा अख्खा अध्याय भूजलावर लिहिला. जांभळाच्या झाडाजवळ पूर्वेला वारूळ असेल, तर झाडाच्या दक्षिणेला दोन पुरुषांवर गोड पाणी लागेल, असं तो सांगतो. पुरुष म्हणजे हात वर करून उभ्या माणसाची उंची. म्हणजे सगळा हिशेब 15 फुटांचा! झाडाच्या मुळांना आणि वाळवीला ओल लागते, एवढं साधं निरीक्षण त्यामागे आहे. पुढे पाण्याची जागा दाखवणारा पाणाड्या आला, हातात उंबराची बेचकी किंवा तळहातावर नारळ घेऊन. बेचकी पाण्यामुळे वळते, हे चाचण्यांत कधी सिद्ध झालं नाही. पण जुन्या पाणाड्याला गावातली प्रत्येक विहीर, प्रत्येक उतार पाठ असे, आणि ते ज्ञान खरं होतं.

पाणी वरच्या थरांतच असतं, हेच ठाण्याचा खडकही सांगतो. आपल्या पायाखाली सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे थर आहेत. अखंड काळ्या कातळात पाणी मुरत नाही. ते राहतं वरच्या मुरमात, मांजऱ्या म्हणतात त्या सच्छिद्र खडकात, भेगांत आणि दोन थरांच्या सांध्यात. जसजसं खाली जावं तसतशा भेगा मिटत जातात. कोकणपट्टीत तर जमिनीत उभ्या घुसलेल्या कठीण खडकाच्या भिंती जागोजागी आहेत. शेजारच्या प्लॉटला पाणी आणि आपली बोअर कोरडी, याचं कारण बरेचदा अशी भिंत असते, नशीब नव्हे. खाडीकडच्या बाजूला उपसा वाढला की खारं पाणी आत सरकतं, तो धोका वेगळाच.

शिलाहारांच्या काळापासून तलावांसाठी ओळखलं जाणारं हे गाव. तलाव भरला की भोवतालच्या विहिरींना पाझर सुटायचा. धरणांचं पाणी नळाने घरात आलं तशा या विहिरी विस्मरणात गेल्या. काहींवर स्लॅब पडले, काहींत राडारोडा गेला.

मग 1972 चा दुष्काळ. कातळात हवेच्या दाबाने हातोडा चालवणारी यंत्रं त्याच्या थोडी आधी युनिसेफच्या मदतीने देशात आली होती. दुष्काळाने ती गावोगाव नेली. जे काम करायला विहीर खणणाऱ्यांना महिने लागत, ते एका दिवसात होऊ लागलं. त्याच सुमारास राज्यात भूजल सर्वेक्षण यंत्रणा उभी राहिली आणि खडकाचा विद्युतरोध मोजून जागा ठरवणं रुळलं. जमिनीत चार सळया ठोकायच्या, बाहेरच्या दोनांतून वीज सोडायची, आतल्या दोनांत विजेचा दाब मोजायचा. ओला, भेगाळ खडक कमी रोध दाखवतो. ही पद्धत अंदाज सुधारते, हमी देत नाही. आज तमिळनाडूतल्या तिरुचेनगोडेच्या गाड्या थेट आपल्या गेटवर येतात आणि फुटाच्या दराने पैसे घेतात. जितके फूट, तितके पैसे. खोलीच्या समजुतीला खतपाणी इथूनच मिळतं, असं माझं स्पष्ट मत आहे.

कायद्याचं मूळही पाहायला हवं. 1843 मध्ये इंग्लंडमधल्या ॲक्टन विरुद्ध ब्लंडेल खटल्यात, शेजारच्या कोळसा खाणीमुळे विहीर आटलेल्या मालकाला दाद मिळाली नाही. जमीन ज्याची, खालचं पाणी त्याचं, हाच विचार 1882 च्या भारतीय सुविधाधिकार कायद्यात उतरला. महाराष्ट्राने 1993 मध्ये त्याला पहिली वेसण घातली : पिण्याच्या पाण्याच्या सार्वजनिक स्रोतापासून 500 मीटरच्या आत परवानगीशिवाय विहीर नको. पुढचा कायदा 2009 चा, लागू झाला 2014 मध्ये. त्यात 60 मीटरहून खोल विहीर 'खोल विहीर' ठरली आणि अधिसूचित क्षेत्रांत तिला मनाई झाली. 60 मीटर म्हणजे जवळपास 200 फूट. आमच्या सोसायटीतला वाद नेमका याच रेषेवर येऊन थांबला होता.

आम्ही 190 वर गाडी थांबवली. उरलेल्या पैशांतून गच्चीवरचं पावसाचं पाणी गाळून जिरवण्यासाठी शोषखड्डा केला, बोअरपासून थोड्या अंतरावर, वरच्या मुरमापर्यंत. जुलैत पहिल्या मोठ्या सरीनंतर मी दोरीला दगड बांधून बोअरमध्ये सोडला. मे महिन्यात 62 फुटांवर भिजलेली दोरी या वेळी 19 फुटांवरच ओली झाली.