घाणेरी जाळून संपत नाही

‘घाणेरी तोडा, पेटवा, रान मोकळं’ हे रानात माजणाऱ्या या झुडपाबद्दल (लँटाना) वर्षानुवर्षं ऐकू येतं. होतं उलटंच. कोयत्याने छाटलेल्या बुंध्यातून पावसाळ्यात झुपकाभर धुमारे येतात. आगीने मोकळ्या झालेल्या जागेत पुन्हा तीच माजते. फुटवे येतात खोड आणि मूळ जुळतं तिथून. म्हणून उत्तराखंडातल्या कॉर्बेट व्याघ्र प्रकल्पात वापरलेली पद्धत बरी: कुदळीने मुख्य मूळ जमिनीखाली ३ ते ५ सेंमीवर तोडायचं, झुडूप उपसून मुळं वर करून उलटं ठेवायचं. सरळ टाकलं तर ओल्या मातीला टेकलेल्या फांद्या मुळं धरतात. हे सगळं फळं धरण्याआधी. पुढे, फळं खाणारे बुलबुल बसतात त्या झाडांखाली आणि ओघळांच्या कडेला, जिथे बिया पडतात, तिथे निदान दोन पावसाळे घाणेरीची नवी रोपं उपटावी लागतात. अंदाजपत्रकात ही मजुरी बहुधा नसतेच.